कामावरून काढायला कारण लागतं का?

21 नोव्हेंबर 2025 ला देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. तेव्हापासून सांगलीजवळच्या कुपवाडच्या चहाच्या गाड्यापासून साताऱ्यातल्या शिरवळच्या कंपनी बसपर्यंत दोन गोष्टी कानावर येतात. एक, आता एका वर्षात ग्रॅच्युइटी (नोकरी सुटताना मिळणारी एकरकमी रक्कम) मिळणार. दुसरी, तीनशेपेक्षा कमी माणसं असलेल्या कारखान्याला कामगार कमी करायला सरकारची परवानगी लागणार नाही. पहिली ऐकली की कायदा कामगाराचा वाटतो, दुसरी ऐकली की मालकाचा. माणूस गोंधळतो आणि विषय सोडून देतो.

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, फक्त प्रत्येकीला अटी आहेत. माझं मत आधीच सांगतो. या संहितांनी कामगाराच्या हातात कागद दिला, आणि ते चांगलं झालं. पण तो कागद दाखवून "मला का काढलं?" असं विचारायची ताकद त्यांनी बऱ्याच जणांकडून काढून घेतली. नोकरीच्या सुरक्षेचा सगळा प्रश्न या एका 'का'भोवती फिरतो.

चार संहिता म्हणजे काय

केंद्राचे 29 कामगार कायदे एकत्र करून चार कायदे केले. वेतन संहिता 2019 ची. औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि कामाच्या ठिकाणची सुरक्षितता व आरोग्य, या तीन 2020 च्या. संसदेत मंजूर होऊन त्या पाच-सहा वर्षं पडून होत्या. या लेखात मुख्यतः औद्योगिक संबंध संहितेबद्दल बोलू, कारण माणूस कामावर राहतो की जातो हे तिच्यात ठरतं. तिनं 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याची जागा घेतली.

सुरक्षा म्हणजे "काढताच येत नाही" असं नाही

हा गैरसमज फार जुना आहे. कामगाराला कधीच काढता येणार नाही असं भारतातल्या कोणत्याही कामगार कायद्यानं कधी म्हटलेलं नाही. कायदा एवढंच विचारतो की काढताय तर कोणत्या वाटेनं काढताय.

वाटा दोन. पहिली कपात. कामगाराची काही चूक नसते, पण ऑर्डर गेली, नवं मशीन आलं, काम कमी झालं म्हणून माणूस कमी केला जातो. दुसरी बडतर्फी, म्हणजे गैरवर्तनाचा ठपका ठेवून काढणं.

कपातीसाठी 1947 च्या कायद्यात काही अटी होत्या आणि नव्या संहितेतही त्या आहेत. ज्यानं वर्षभर सलग नोकरी केली, त्याला एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार द्यायचा. सलग वर्ष म्हणजे मागच्या बारा महिन्यांत 240 दिवस काम. हे 240 दिवस ध्यानात ठेवा, पुढे लागतील. शिवाय नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार भरपाई. शेवटी आलेला आधी जातो, म्हणजे साहेबाच्या मर्जीतला राहिला आणि जुना गेला असं चालत नाही. पुन्हा भरती निघाली तर कमी केलेल्याला पहिला मान, संहितेत मात्र तो एका वर्षाच्या आतल्या भरतीपुरता आहे. संहितेनं यात एका गोष्टीची भर घातली आहे: कपात झालेल्या कामगारासाठी मालकानं पंधरा दिवसांचा पगार एका निधीत भरायचा, आणि ती रक्कम नवं कौशल्य शिकण्यासाठी 45 दिवसांत कामगाराच्या खात्यात यायला हवी.

बडतर्फीची वाट वेगळी. आरोपपत्र द्यायचं, चौकशी करायची, कामगाराचं म्हणणं ऐकायचं आणि मग शिक्षा ठरवायची.

या दोन्ही वाटांवर मालकाला कारण कागदावर मांडावं लागतं. कारण कागदावर आलं की ते तपासता येतं, आणि खोटं असेल तर कोर्टात पडतं. कामगाराची सुरक्षा म्हणायची ती एवढीच.

आपल्याकडच्या एमआयडीसीत मात्र तिसरीच वाट जास्त वापरात आहे आणि ती कायद्यात कुठेच नाही. सकाळी गेटवर वॉचमन सांगतो, "तुझं कार्ड बंद आहे." किंवा ऑफिसात बोलावून आधीच टाइप केलेल्या राजीनाम्यावर सही घेतली जाते, "सही कर, हिशेब आजच मिळेल." घरभाडं थकलेलं असतं, सोसायटीचा हप्ता असतो, माणूस सही करतो. ती सही झाली की कायद्याच्या लेखी त्याला कुणी काढलेलंच नसतं, तो आपणहून गेलेला असतो. नोटीस गेली, भरपाई गेली आणि 'का' विचारायचा हक्कही गेला.

शंभराचे तीनशे

मोठ्या कारखान्यांसाठी वरच्या अटींवर आणखी एक अट असते, ती सरकारच्या परवानगीची. कपात करायची, ले-ऑफ द्यायचा (म्हणजे नाव हजेरीवर ठेवून काही काळ काम न देणं) किंवा कारखानाच बंद करायचा, तर आधी सरकारला विचारायचं. 1976 मध्ये ही अट आली तेव्हा ती 300 किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यांना होती. 1982 च्या दुरुस्तीनं आकडा 100 वर आणला. नव्या संहितेत तो परत 300 आहे.

परवानगी म्हणजे बंदी नव्हती, आजही नाही. अर्ज केल्यावर साठ दिवसांत सरकारनं उत्तर दिलं नाही तर परवानगी मिळाली असं धरतात. उपयोग होता तो वेळेचा. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकलं जायचं, युनियनला हिशेब मागता यायचा, आणि एका रात्रीत गेटला कुलूप लागणं अवघड व्हायचं.

आता कुपवाड, पलूस, कडेगाव, तासवडे, लोणंद इथले कारखाने डोळ्यांसमोर आणा. तीनशेच्या वर कायम कामगार असलेले किती असतील? मोजके. बहुतेक फाउंड्र्या, मशीन शॉप, पॅकिंगची युनिटं ही पन्नास, ऐंशी, दीडशेची. विट्याच्या यंत्रमागांवर तर एका शेडमध्ये हाताच्या बोटांवर मोजावेत एवढेच लोक. म्हणजे शंभर ते तीनशेच्या मधल्या ज्या कारखान्यांना परवानगीची अट होती, ते बाहेर पडले.

त्याच कारखान्यांच्या हातून आणखी एक गोष्ट सुटली आणि तिची चर्चा कमी होते. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातली सेवेची लेखी नियमावली. रजा कशी, गैरवर्तन कशाला म्हणायचं, चौकशी कशी करायची, निलंबनात किती भत्ता, हे सगळं तिच्यात असतं. केंद्रीय कायद्यात ती 100 कामगारांपासून सक्तीची होती, संहितेत 300 पासून. निलंबित कामगाराला पहिले नव्वद दिवस निम्मा पगार आणि चौकशी लांबली तर पुढे पाऊण पगार, ही तरतूदही याच प्रकरणात आहे. दीडशे माणसांच्या युनिटमध्ये नियमावली नसेल, तर चौकशी नीट झाली की नाही हे कशावर तपासायचं?

आणखी एक बारकावा. सरकारला अधिसूचना काढून परवानगीचा 300 चा आकडा वाढवता येतो, तशी मुभा संहितेतच आहे. कमी करण्याची मुभा नाही. महाराष्ट्राला तो खाली आणायचा असेल तर विधिमंडळात दुरुस्ती करून राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागेल. कामगार हा विषय केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत येतो, म्हणून ते शक्य आहे. पण वर जायला एक सही पुरते आणि खाली यायला अख्खा कायदा लागतो.

मुदतीची नोकरी: अकरा महिन्यांचा भाडेकरार

संहितेनं सर्वांत मोठा बदल केला तो 'फिक्स्ड टर्म' नोकरीत. ठरावीक मुदतीसाठी थेट कंपनीनं लेखी करारावर घेतलेला कामगार. त्याला कायम कामगाराइतकाच पगार, तेच कामाचे तास, त्याच सवलती, आणि वर्ष भरलं की ग्रॅच्युइटी. ती "एका वर्षात ग्रॅच्युइटी"ची बातमी याच कामगारांपुरती आहे. नेहमीच्या कायम कामगाराला पूर्वीसारखीच पाच वर्षं भरावी लागतात.

सांगलीत किंवा साताऱ्यात घरभाड्यानं राहिलेल्या कुणालाही ही नोकरी लगेच समजेल. घरमालक अकरा महिन्यांचा करार करतो. अकरा महिन्यांत तुम्ही भाडेकरू म्हणून सुखात असता, पाणी, लाइट, पार्किंग सगळं मिळतं. मालकानं वाटेत हाकललं तर करार दाखवता येतो. पण अकरा महिने संपले की "आता नूतनीकरण करायचं नाही" एवढं सांगणं त्याला पुरतं. कारण द्यावं लागत नाही. म्हणून भाडेकरू नळ गळत असला तरी तक्रार करताना दहादा विचार करतो.

मुदतीच्या कामगाराचंही तेच होतं. करार संपून नूतनीकरण झालं नाही तर कायदा त्याला 'कपात' धरत नाही. भरपाई नाही, शेवटी आलेला आधी हा नियम नाही, पुन्हा भरतीत मान नाही. आणि असे करार एकामागून एक किती वेळा करायचे याला संहितेत मर्यादाच नाही. दहा वर्षं एकाच मशीनवर उभा असलेला माणूस दहा वेळा नवा होऊ शकतो. हेल्मेट मागणं, ओव्हरटाइमचा दुप्पट दर मागणं, युनियनची पावती फाडणं, या प्रत्येक वेळी त्याच्या मनात एकच विचार: मार्चमध्ये करार संपतोय.

वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवण्याला कायदा चांगलं म्हणतो असं मात्र नाही. कायम कामगाराचे हक्क मिळू नयेत या हेतूनं माणसाला बदली किंवा हंगामी म्हणून राबवणं ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा होती, आणि नव्या संहितेच्या परिशिष्टातही ती आहे. अडचण 'हेतू' सिद्ध करण्याची. मुदतीचा करारच कायदेशीर असेल, तर हेतू वाईट होता हे कामगारानं कसं दाखवायचं?

पैशात फरक किती

एक हिशेब मांडू. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना 18,000 रुपये, नोकरी आठ वर्षं. सोपं जावं म्हणून पगार आठही वर्षं तोच धरू आणि सगळी नोकरी नव्या संहितेखाली झाली असं समजू.

कायम कामगाराची कपात झाली तर नोटिशीचे 18,000. भरपाई दरवर्षी पंधरा दिवस म्हणजे साधारण 9,000, आठ वर्षांचे 72,000. कौशल्य निधीचे 9,000. ग्रॅच्युइटीत महिना 26 दिवसांचा धरतात, म्हणून वर्षाला सुमारे 10,385 आणि आठ वर्षांचे सुमारे 83,000. एकूण एक लाख ब्याऐंशी हजारांच्या आसपास.

त्याच मशीनवर आठ वेगवेगळ्या करारांवर काम केलेल्याला फक्त ग्रॅच्युइटी मिळेल, 83,000. पूर्वी ठेकेदाराकडच्या मुलाला एवढेही मिळत नव्हते, हे मान्य करायला हवं. पण ज्यांना आधी पहिली रक्कम मिळाली असती त्यांनाच उद्या दुसरी मिळणार असेल, तर त्याला सुधारणा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

मालक नक्की कोण

मुदतीच्या कामगाराच्या करारावर निदान कंपनीचं नाव असतं. ठेकेदाराच्या कामगाराची अडचण त्याही आधीची आहे. गणवेश कंपनीचा, मशीन कंपनीचं, सुपरवायझर कंपनीचा, आणि पगाराच्या पावतीवर नाव पुण्याच्या कुठल्या तरी 'एंटरप्रायझेस'चं. दरवर्षी ठेका बदलतो, पावतीवरचं नाव बदलतं, माणूस तिथेच. काही ठिकाणी 240 दिवस भरायच्या आधी 'ब्रेक' देतात. आठवडाभर घरी बसवायचं आणि नवीन नंबरवर परत घ्यायचं.

ठेका कामगारांचा 1970 चा केंद्रीय कायदा 20 कामगारांपासून लागू व्हायचा, संहितेत हा आकडा 50 झाला. मुख्य उत्पादनाच्या कामात ठेकेदाराची माणसं नकोत असं संहिता म्हणते, पण लगेच अपवाद देते: ते काम एरवीही ठेकेदाराकडूनच करून घेण्याची पद्धत असेल, दिवसभराचं काम नसेल, किंवा काम अचानक वाढलं असेल तर चालेल. हे अपवाद एवढे रुंद आहेत की बरंच काही त्यातून आत येतं. ठेकेदारानं पगार बुडवला तर मुख्य कंपनीनं तो द्यायचा, ही तरतूद टिकली आहे. नोकरीची हमी मात्र कंपनीकडे येत नाही. ठेका पद्धत एखाद्या कामात बंद झाली तरी तिथले कामगार आपोआप कायम होत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 2001 मध्ये स्टील अथॉरिटीच्या खटल्यात स्पष्ट केलं.

सरकारी खात्यांतल्या कंत्राटी लोकांना 2006 चा उमादेवी निकाल नेहमी ऐकवला जातो: मागच्या दारानं आलेल्याला कायम होण्याचा हक्क नाही. पण डिसेंबर 2024 मध्ये केंद्रीय जल आयोगातल्या सफाई कामगारांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की वर्षानुवर्षं कायम स्वरूपाचं काम करून घेणाऱ्या सरकारनं त्या निकालाची ढाल करू नये. नगरपालिका, जिल्हा परिषद, सरकारी दवाखाने यांत कंत्राटावर असलेल्यांनी हा निकाल जवळ ठेवावा.

मिरजेतल्या दवाखान्यांचा प्रश्न थोडा निराळा. 1978 च्या एका मोठ्या निकालापासून दवाखाना हाही 'उद्योग' धरला जायचा. नव्या संहितेनं मुख्यतः धर्मादाय किंवा समाजसेवेचं काम करणाऱ्या संस्थांनी चालवलेल्या ठिकाणांना या व्याख्येतून बाहेर ठेवलं. ट्रस्टच्या दवाखान्यातली नर्स, वॉर्डबॉय, लिफ्टमन आत की बाहेर हे एकेका प्रकरणात ठरेल. तोवर टांगती तलवार त्यांच्या डोक्यावर.

साखर कारखान्यांचं स्वतंत्र सांगायला हवं. हंगामी उद्योगांना परवानगीची अट आधीही नव्हती, आताही नाही. आणि गाळपासाठी जत, आटपाडी, माण, खटावमधून किंवा बीडकडून कोयता घेऊन उतरणारी जोडपी या साऱ्या कायद्यांच्या बाहेरच उभी असतात. त्यांचा मालक मुकादम, आणि करार म्हणजे घेतलेली उचल. तो एका लेखाचा विषय नाही.

ज्याला एक मालक नाही त्यालाही हमी देता येते

"काम पक्कं नसेल तर सुरक्षा कुठून आणायची?" हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचं उत्तर आपल्याच मातीत सापडतं.

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम असतो तेव्हा जाऊन बघा. एक हमाल सकाळी एका अडत्याचं पोतं उचलतो, दुपारी दुसऱ्या व्यापाऱ्याचा ट्रक भरतो, संध्याकाळी तिसऱ्याचं गोडाऊन. याचा मालक कोण? जुन्या कायद्यांच्या भाषेत कुणीच नाही. म्हणून ना भविष्यनिर्वाह निधी, ना रजा, ना जखमेचं औषधपाणी.

मुंबईच्या बाजारात पाठीवर ओझी वाहणारे माथाडी मोठ्या संख्येनं साताऱ्याच्या पाटण आणि जावळी खोऱ्यातले. त्यांना संघटित करणारे अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातल्या मंद्रुळकोळ्याचे. त्यांच्या लढ्यातून 1969 चा माथाडी कायदा आला. त्या कायद्यानं "मालक कोण" या वादात न पडता मधे एक मंडळ उभं केलं. त्यावर कामगारांचे, मालकांचे आणि सरकारचे प्रतिनिधी. कामगार मंडळाकडे नोंदलेले, मालकही नोंदलेले. ज्यानं काम करून घेतलं त्यानं मजुरी आणि वर ठरलेली लेव्ही, म्हणजे जादा वर्गणी, मंडळात भरायची. मंडळ कामगाराला मजुरी देतं आणि लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, सुट्टीचा पगार, औषधोपचार बघतं. दुकान बदललं तरी नोंद आणि जमा तीच राहते.

या कायद्याच्या नावाखाली खंडणी मागणाऱ्या टोळ्याही निघाल्या, त्यांचा त्रास उद्योजकांना झाला आणि त्याचा बंदोबस्त व्हायलाच हवा. पण त्यासाठी कल्पना टाकून देऊ नये. आज मोबाइलवर ऑर्डर घेऊन जेवण पोचवणाऱ्या पोरांची अवस्था 1960 च्या हमालासारखीच आहे. सामाजिक सुरक्षा संहितेनं अशा 'गिग' कामगारांची पहिल्यांदा व्याख्या केली. कंपन्यांनी उलाढालीच्या 1 ते 2 टक्के रक्कम निधीत द्यायची, तीही कामगारांना दिलेल्या पैशाच्या 5 टक्क्यांपर्यंतच, असं ठरवलं. निधी झाला, पण अ‍ॅपवरून आयडी बंद केला तर 'का' विचारायची जागा त्यात नाही. राजस्थाननं 2023 मध्ये या कामगारांसाठी स्वतंत्र मंडळाचा कायदा केला. माथाडी कायद्याच्या महाराष्ट्रानं त्याच्या मागे राहावं हे मनाला लागतं.

"कायदे कडक केले तर कारखाने पळून जातील"

हा आक्षेप सांगलीत फार ऐकू येतो, आणि त्यामागची काळजी खरी आहे. पोरं पुण्याला जातात, इथे मोठी कंपनी येत नाही.

पण जरा नकाशा बघा. शिरवळ आणि खंडाळ्याचा पट्टा गेल्या दोन-तीन दशकांत कारखान्यांनी भरला. सांगली जिल्ह्यातल्या जतला तसं काही झालं नाही. दोन्हीकडे कामगार कायदा एकच, शंभराची अट एकच, युनियनचे नियम एकच. फरक पुणे-बेंगळुरू महामार्गाचा, पुण्याच्या जवळिकीचा, पाण्याचा, विजेचा आणि सुटे भाग पुरवणाऱ्यांच्या साखळीचा. कामगार कायद्यामुळे कारखाने येत नसते तर शिरवळही ओसाड राहिलं असतं.

छोट्या उद्योजकाची अडचण मी हलकी समजत नाही. तीस माणसांच्या फाउंड्रीला बड्या कंपनीकडून चार-चार महिने बिल मिळत नाही, आणि पगार तर पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायचा. पण त्याला परवानगीची अट पूर्वीही नव्हती. कपात करताना त्याच्यावर एक महिन्याची नोटीस, वर्षाला पंधरा दिवस आणि कौशल्य निधीचे पंधरा दिवस एवढाच बोजा, आणि तो वर्षागणिक बाजूला टाकता येतो.

उलट दिशेनं जाणारे देशही आहेत. डिसेंबर 2025 मध्येच ब्रिटननं नवा रोजगार हक्क कायदा मंजूर केला. तिथे अन्यायानं काढलं अशी दाद मागायला दोन वर्षांची नोकरी व्हावी लागायची, ती अट जानेवारी 2027 पासून सहा महिन्यांवर येते आहे.

"कायम झाला की काम करत नाही"

असे लोक असतात. त्यांच्यासाठी आरोपपत्र आणि चौकशीची वाट आहे, आणि सिद्ध झालं तर बडतर्फीही टिकते. बऱ्याच बडतर्फ्या कोर्टात पडतात त्या चौकशी धड न केल्यामुळे. व्यवस्थापनाच्या आळसाची किंमत प्रामाणिक कामगारानं का मोजावी?

अनुभवी हात टिकले तर कारखान्याचाच फायदा, हे किर्लोस्करवाडीसारख्या 1910 पासून उभ्या असलेल्या औद्योगिक गावात कुणाला पटवून द्यावं लागत नाही. साच्यात धातू कधी ओतायचा हे कळायला वर्षं लागतात.

मग बदल कोणते हवेत

एकाच जागेवर मुदतीचे करार दोन वर्षांपेक्षा जास्त चालले तर तो कामगार कायम धरावा. कामगारांची संख्या दहा असो वा हजार, काढताना कारण लेखी द्यायची सक्ती असावी. त्याला सरकारच्या परवानगीची गरज नाही, एका पानाची आहे. ठेकेदार बदलला तरी त्याच कंपनीतली नोकरी सलग मोजावी. राजीनामा कामगार अधिकाऱ्यासमोर पडताळल्याशिवाय, किंवा निदान तो परत घ्यायला काही दिवस दिल्याशिवाय, पक्का मानू नये. आणि स्थायी आदेशांचा आकडा राज्यानं परत खाली आणावा.

यातली एकही गोष्ट मालकाला माणूस कमी करण्यापासून अडवत नाही. ती फक्त त्याला उत्तर द्यायला लावते. नव्या संहितेत संपासाठी चौदा दिवस आधीची नोटीस सगळ्या उद्योगांना लावली आहे, आणि निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संप धरला जातो. कामगाराकडून एवढी पूर्वसूचना मागणाऱ्या कायद्यानं मालकाकडून एक कारण मागावं, यात जास्तीचं काय आहे?

आज हातात काय ठेवावं

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर नव्या संहितांनी जे दिलंय ते सोडू नका. नियुक्तीपत्र आता प्रत्येक कामगाराला देणं सक्तीचं आहे. मिळालं नसेल तर लेखी मागा आणि मागितल्याची पोच ठेवा. पगाराच्या पावत्या, ईएसआयचं कार्ड, पीएफचं पासबुक जपा. पीएफच्या पासबुकात दर महिन्याला कुणी पैसे भरले ते नावासकट दिसतं, त्यामुळे ठेकेदार बदलत गेले आणि तुम्ही तिथेच होतात हे दाखवायला त्याच्याइतका चांगला पुरावा नाही.

कोऱ्या कागदावर किंवा तयार राजीनाम्यावर सही करू नका. दबावानं करावी लागलीच, तर त्याच दिवशी कंपनीला आणि सहायक कामगार आयुक्तांना पत्र पाठवून सही कशी घेतली ते लिहा, रजिस्टर पोस्टानं. महिन्यानं लिहिलेल्या पत्रावर कोर्ट सहज विश्वास ठेवत नाही. कामावरून काढलं, कपात केली किंवा राजीनामा दिला तरी राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत मिळायला हवा. ग्रॅच्युइटी तीस दिवसांत.

मुदतही लक्षात असू द्या. काढल्याविरुद्ध दाद मागायला पूर्वी तीन वर्षं होती, आता दोनच. आधी समेट अधिकाऱ्याकडे अर्ज द्यायचा; 45 दिवसांत काही झालं नाही तर थेट न्यायाधिकरणात जाता येतं. महिना 18,000 च्या वर पगार असलेला सुपरवायझर या संहितेत 'कामगार' धरला जात नाही. पण केवळ पदाच्या नावावर जाऊ नका, कारण प्रत्यक्ष काम काय करत होता हे कोर्ट बघतं. 'सुपरवायझर' लिहिलेला माणूस दिवसभर मशीनच चालवत असेल, तर तो कामगारच.

वकिलाच्या फीला घाबरून बरेच जण घरी बसतात. विधी सेवा प्राधिकरणाच्या 1987 च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींनाही तो आहे. सांगली आणि सातारा, दोन्हीकडे जिल्हा न्यायालयात हे कार्यालय आहे. साध्या कागदावर अर्ज चालतो. सोबत नियुक्तीपत्राची किंवा पासबुकाची झेरॉक्स न्या.